एका ट्रंकेतले दोन उतारे

आमच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्यात शेताचे कागद असतात. बाचीच्या शिवारातल्या पावणेदोन एकरांची पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, कानडीत आहे आणि हद्दीपलीकडच्या शिनोळीतल्या वीस गुंठ्यांचा सातबारा मराठीत. दोन्ही तुकडे आजोबांनी एकाच बैलजोडीने कसले. दोन्हीकडे भात, दोन्हीकडची माती तांबडी, दोन्हीकडे पाऊस येतो तो चंदगडच्या डोंगरावरूनच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा त्यातून काढून कोल्हापूरला जोडला आणि आमच्या दोन शेतांच्या मधून राज्याची हद्द गेली. आजोबांना कुणी काही विचारले नव्हते. ते दिवस भातकापणीचे होते, एवढेच आजी सांगायची.

हे आठवण्याचे कारण माझा पुतण्या. तो पुण्यात नोकरीला असतो. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले आणि दोन्हीकडच्या गाड्या बंद पडल्या. त्याला गावी यायचे होते. त्या रात्री फोनवर तो म्हणाला, "काका, पुण्यात मी कानडी हेल काढून बोलणारा, बेळगावात उतरलो की मराठीवाला. आपण धड इकडचेही न्हवं, तिकडचेही न्हवं. मग आपला वेगळा देशच का नको?" स्पेनमधून फुटू पाहणाऱ्या कॅटलोनियाचे काहीतरी त्याने वाचले होते.

मी त्याला तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. "खुळ्यासारखं बोलू नको" म्हणून फोन ठेवला आणि रात्रभर ते मनाला लागून राहिले. पोरगा खुळा नव्हता. ज्या घरात तीन पिढ्या 'बेळगाव, कारवार, निपाणी' ही घोषणा ऐकत वाढल्या, त्या घरातला मुलगा एक पाऊल पुढे टाकून विचारत होता. भाषा वेगळी म्हणून राज्य वेगळे मागायचे असेल, तर संस्कृती वेगळी म्हणून राष्ट्र वेगळे का मागू नये? या प्रश्नाला शिव्या देऊन भागत नाही.

आधी त्याच्या रागातला खरा भाग मान्य करतो. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथे झाला. म्हणजे जी चळवळ १ मे १९६० ला महाराष्ट्र घडवून थांबली, तिची पहिली मोठी हाक आमच्या गावातून गेली, आणि राज्य झाले तेव्हा आमचे गावच त्यात नव्हते. १७ जानेवारी १९५६ ला इथे गोळ्या झाडल्या गेल्या. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीच्या विरोधात माणसे रस्त्यावर आली, पुन्हा गोळीबार झाला, पुन्हा माणसे गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाशी आम्ही दर १ जूनला जातो. २००५ साली महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तर महापौरांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासले गेले आणि महापालिकाच बरखास्त झाली. २०१४ च्या जुलैमध्ये येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' हा फलक उखडला आणि त्यापाठोपाठ घरात घुसून लाठ्या बसल्या. हे सगळे झाले, आणि ते चूक होते, आजही चूकच आहे. एवढे सोसूनही 'तुम्हाला कुठे राहायचे आहे?' असा साधा प्रश्न कुठल्याही सरकारने आम्हाला मतपेटी ठेवून कधी विचारला नाही. माझ्या लेखी या सगळ्या दुखण्याचे मूळ तिथे आहे. भाषा त्याच्या नंतर येते.

पण यावरून 'वेगळा देश' निघत नाही. का निघत नाही, हे मला स्वतःलाच नीट समजून घ्यायला लागले.

पहिली गोष्ट, आपली वेगळी संस्कृती म्हणजे नेमकी कोणती? आम्ही 'काय करालास?' म्हणतो, 'जेवालोय' म्हणतो. पुण्याचा माणूस हसतो, कारण आमच्या क्रियापदात कानडीचा हेल बसलेला आहे. पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या गाड्यांत कोल्हापूर-सांगलीची माणसे असतात आणि 'उदो गं आई' ची हाळी दोन्ही भाषांच्या तोंडी असते. सुळेभावीत कोमकळीमठांच्या घरात १९२४ साली एक मुलगा जन्मला, घरात कानडी बोलणारा. त्याला आपण कुमार गंधर्व म्हणून ओळखतो आणि त्यांची मराठी गाणी ऐकताना ते 'आपले' वाटतात. इंदिरा संत बेळगावातच राहून लिहीत होत्या. पु. ल. इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवून गेले. टिळकांनी १९१६ साली होमरूल लीग उभी केली ती इथे. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, १९२४ मध्ये, तेही इथेच. आणि इथून चाळीसेक किलोमीटरवर नंदगडला संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये फासावर दिले. मराठी खानापूर तालुक्यातल्या त्या वडाखाली कानडी माणूस आजही पाळणा बांधायला येतो.

यातले कोणते घ्यायचे आणि कोणते हद्दीबाहेर टाकायचे? आपले वेगळेपण दोन भाषा एका गल्लीत नांदल्या म्हणून तयार झाले. त्यावर राष्ट्र उभे करायचे म्हटले की पहिल्याच दिवशी आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवावे लागेल. त्या यादीत निम्मी गल्ली बाद होईल आणि ज्या वेगळेपणासाठी एवढे केले ते यादी लिहितानाच संपेल.

ही काल्पनिक भीती नव्हे. आपल्या शेजारीच घडले आहे. बंगालीसाठी ढाक्यात २१ फेब्रुवारी १९५२ ला विद्यार्थ्यांनी गोळ्या झेलल्या. १९७० च्या निवडणुकीत शेख मुजीबूर रहमान यांच्या पक्षाला अख्ख्या पाकिस्तानच्या संसदेत बहुमत मिळाले, आणि सत्ता देण्याऐवजी लष्कर पाठवले गेले. त्यानंतर त्या लोकांपुढे वेगळे होण्यावाचून वाटच उरली नव्हती. १९७१ चा बांगलादेश मला पूर्ण न्याय्य वाटतो. पण पुढच्याच वर्षी त्या देशाची घटना लिहिली जात असताना सर्व नागरिक 'बंगाली' म्हणून ओळखले जातील असे ठरू लागले, तेव्हा चितगाव डोंगरी भागाचे प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लारमा उभे राहिले. आम्ही चकमा आहोत, बंगाली नाही, असे त्यांनी सांगितले. ऐकले गेले नाही. त्या डोंगरांत पुढे वीस वर्षे बंडखोरी चालली आणि करार व्हायला १९९७ उजाडले. भाषेसाठी रक्त सांडून जन्मलेले राष्ट्र, आणि आपल्या पोटातल्या लहान भाषेला ओळखायला त्याला चोवीस-पंचवीस वर्षे लागली. मला त्या लारमांचा चेहरा माहीत नाही, पण त्यांचे उभे राहणे मला इथे, बेळगावात, कळते.

क्युबेकचे उदाहरण मी पुतण्याला नंतर सांगितले. कॅनडातल्या या फ्रेंच भाषक प्रांताने ३० ऑक्टोबर १९९५ ला वेगळे व्हायचे का यावर मतदान घेतले. 'नको' म्हणणारे ५०.५८ टक्के, 'हवे' म्हणणारे ४९.४२. केसाएवढ्या फरकाने देश टिकला. पण त्याच्या आठवडाभर आधी, २४ ऑक्टोबरला, क्युबेकच्या उत्तरेतल्या क्री आदिवासींनी आपले वेगळे मतदान घेतले होते. क्युबेक कॅनडातून बाहेर पडला, तर तुम्हाला आणि तुमच्या भूमीला त्याच्याबरोबर न्यायला तुमची संमती आहे का? ९६ टक्क्यांहून जास्त लोकांनी नाही म्हटले. कॅनडापासून फुटायचा हक्क क्युबेकला असेल, तर क्युबेकपासून फुटायचा हक्क क्रींना का नसावा, या प्रश्नाला क्युबेकच्या पुढाऱ्यांकडे पटेल असे उत्तर नव्हते.

तो प्रश्न आमच्या दाराशीही आहे. त्याचे दार जतला उघडते.

आमच्या गल्लीत दोन घरे सोडून एक निवृत्त कानडी मास्तर राहतात. मूळचे कित्तूरकडचे. तीन वर्षांपूर्वी बाचीच्या शेतावर वडिलांच्या जागी आमची वारसानोंद करायला गेलो, तर कार्यालयात कळले की याबाबतची नोटीस दोन वर्षांपूर्वीच घरी गेलेली आहे आणि मुदत उलटून गेली आहे. ट्रंक उघडली. नोटीस होती. कानडीत होती म्हणून आईने 'काहीतरी सरकारी' म्हणून घडी घालून जपून ठेवली होती. मी पाटपाण्याचे बिल आणि बसची पाटी वाचण्याएवढी कानडी शिकलो आहे, महसुलाची कानडी मला येत नाही. मास्तरांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि ओळीवर बोट ठेवत एकेक शब्द मराठीत सांगितला. पुढे अर्जही त्यांनीच लिहून दिला. त्यांच्या बोटाखालून आमच्या वडिलांचे नाव सरकत गेले, ते मला वाचता आले नाही, हे मी विसरणार नाही.

अर्ज लिहून झाल्यावर त्यांनी आपल्या पिशवीतून एक कागद काढला. त्यांची बहीण उमदीला दिलेली आहे. उमदी म्हणजे सांगली जिल्ह्यातला जत तालुका, महाराष्ट्र. घरीदारी कानडी बोलणारा मुलूख. बहिणीच्या द्राक्षबागेच्या नुकसानीच्या पंचनाम्याचा तो कागद होता, मराठीतला. "आता तुमची पाळी," मास्तर म्हणाले. मी वाचला. बाईंच्या नावात चूक होती, आणि तिच्यामुळे भरपाई अडली होती. तिलाही ती वाचता आली नव्हती.

म्हणून मी म्हणतो की रेषा सरकवल्याने रोग बरा होत नाही, रोगी बदलतो. महाजन आयोगाचा अहवाल डोळ्यांसमोर आणा. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ साली माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. १९६७ च्या ऑगस्टमध्ये अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, अक्कलकोट-जतकडची २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावे. महाराष्ट्राने ८१४ गावे आणि बेळगाव मागितले होते. अहवाल फेटाळला गेला. बेळगाव देताना एक न्याय आणि खेडी वाटताना दुसरा, हा आक्षेप मला आजही रास्त वाटतो. पण एक गोष्ट आमच्या सभांतून कधी बोलली जात नाही, ती मी इथे बोलतो. तो अहवाल फेटाळल्यामुळे निपाणी-खानापूरची पोरे पुढची पन्नासहून अधिक वर्षे कानडी कागदांशी झगडत राहिली, आणि उमदीच्या बाई मराठी कागदांशी. बेळगावच्या हट्टात आम्ही त्यांना धरून ठेवले का, असा प्रश्न निपाणीच्या माणसाने विचारला तर मी मान खाली घालीन.

निपाणीवरून आठवले. १९८१ मध्ये शरद जोशींच्या पाठीमागे तंबाखूचे शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले होते. तेव्हा भाव मराठी-कानडी बघून पडला नव्हता आणि गोळीही भाषा विचारून लागली नाही. असो.

मग करायचे काय? स्वित्झर्लंडमध्ये बर्न नावाचे एक मोठे जर्मन भाषक राज्य आहे. त्याच्या पोटात जुरा हा फ्रेंच भाषक डोंगराळ भाग होता. तिथेही चळवळ होती, जाळपोळ होती, आमच्यापेक्षा काही कमी कटुता नव्हती. त्यांनी काय केले? १९७४ साली आधी सबंध भागाला विचारले. मग १९७५ मध्ये दक्षिणेकडच्या जिल्ह्यांना वेगळे विचारले, त्यांनी बर्नमध्येच राहतो म्हटले. मग सीमेवरच्या गावांना एकेकटे विचारले. १९७८ मध्ये सगळ्या देशाने मतदानाने मान्यता दिली आणि १ जानेवारी १९७९ ला जुरा हे नवे राज्य झाले. त्यावरही पडदा पाडला नाही. लाउफेनचे जर्मन भाषक खोरे पुढे आपल्या इच्छेने बाझलकडच्या राज्यात गेले. मूतिए नावाच्या गावात २०१७ मध्ये मतदान झाले, त्यात गडबड निघाली म्हणून ते रद्द ठरवले, २०२१ मध्ये पुन्हा घेतले आणि जुरात जाण्याची तारीख ठरली १ जानेवारी २०२६. लोकसंख्या विचाराल तर उचगाव-येळ्ळूरसारख्या आपल्याकडच्या मोठ्या गावाएवढी. एवढ्याशा गावासाठी दोन राज्ये आणि एक देश अर्धशतक चिवटपणे कागद लिहीत बसले, पण गावाला विचारल्यावाचून त्याला हलवले नाही.

खेडे हा घटक, सलगता, भाषक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही आमची जुनी चतुःसूत्री याहून वेगळी नाही. आंध्र आणि मद्रासची सीमा ठरवताना ह. वि. पाटसकरांनी खेडे हाच घटक धरला होता. म्हणजे आपल्याच देशात हे करून झालेले आहे. फक्त आमच्याबाबतीत केले नाही.

भारतातून फुटण्याचा दरवाजा घटनेत नाही, आणि तो नाही याचे मला दुःख नाही. मद्रासकडे स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी होती. अण्णादुराईंनी ती १९६२ साली राज्यसभेत मांडली आणि चीनच्या युद्धानंतर, १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीच्या सुमारास, सोडून दिली. चार वर्षांनी ते मद्रासचे मुख्यमंत्री झाले. आज तमिळचे काय बिघडले? राष्ट्र न मागता तमिळ माणसाने आपल्या भाषेचे जेवढे राखले तेवढे कित्येक स्वतंत्र राष्ट्रांनीही राखलेले नाही. याउलट राज्यांच्या सीमांबाबत आपली घटना कमालीची सैल आहे. अनुच्छेद ३ प्रमाणे संसद साध्या बहुमताने राज्याची हद्द बदलू शकते, संबंधित विधिमंडळाचे फक्त मत मागवायचे असते. २ जून २०१४ ला तेलंगणा झाला, तोही एकच भाषा बोलणाऱ्यांना दोन राज्ये देऊन. घटनेच्या लेखी राज्याची सीमा ही कारभाराची सोय आहे. मग तिला मातृभूमीच्या अंगाचा तुकडा कुणी केले? दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी. २०२२ च्या डिसेंबरात कर्नाटकाच्या विधिमंडळाने एक इंचही देणार नाही असा ठराव केला, पाच दिवसांनी नागपुरात महाराष्ट्राने इंच न् इंच घेण्याचा ठराव केला. दोन्ही एकमताने. आणि महाराष्ट्राचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात तसाच पडून.

मला खरे हवे आहे ते दक्षिण टिरोलने मिळवले. पहिल्या महायुद्धानंतर हा ऑस्ट्रियाचा जर्मन भाषक मुलूख इटलीला दिला गेला. मुसोलिनीने तिथल्या जर्मन शाळा बंद केल्या, तेव्हा लोकांनी घरांतून, लपून मुलांना शिकवले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीचा करार झाला, तो पाळला गेला नाही, १९६१ मध्ये विजेचे खांब उडवण्यापर्यंत मजल गेली. अखेर १९७२ मध्ये खरी स्वायत्तता मिळाली आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने तंटा मिटल्याचे कळवले. रेषा तसूभरही हलली नाही. पण आज तिथे सरकारी नोकरी हवी असेल तर दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते, जर्मन मुलांच्या शाळा जर्मन आहेत, आणि लादिन नावाची डोंगरातली इवलीशी तिसरी भाषा बोलणाऱ्यांच्या खोऱ्यांतही शाळांची निराळी व्यवस्था आहे. सीमाप्रश्न सुटला तो सीमा न बदलता सुटला.

आमच्याकडे काय आहे? १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ आणि ३५०-ब आणले. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचा राज्याने प्रयत्न करावा, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रपतींनी विशेष अधिकारी नेमावा. तो अधिकारी अहवाल देतो. अहवाल संसदेत ठेवला जातो. पुढे काही होत नाही, कारण 'प्रयत्न करावा' याला दात नाहीत. १५ टक्क्यांहून जास्त लोक एखादी भाषा बोलत असतील तिथे महत्त्वाचे सरकारी कागद त्या भाषेतही द्यावेत, हे केंद्र आणि राज्ये यांच्यात ठरून किती दशके लोटली. माझ्या ट्रंकेतली नोटीस त्याच काळातली आहे. या एका नियमाला कायद्याचे बळ असते, पाळला नाही तर नोटीसच रद्द ठरेल असे असते, तर आईने ती घडी घालून ठेवली नसती.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ मध्येच भाषावार राज्यांबद्दल लिहिताना एका राज्यात एक भाषा असावी, पण एका भाषेचे एकच राज्य करू नये, असे बजावले होते. राज्यात बहुसंख्येची मिरास होऊन लहान समूह चिरडले जातील, आणि प्रादेशिक भाषा राजभाषा झाली की वेगळ्या राष्ट्राच्या भावनेला खतपाणी मिळेल, ही त्यांची धास्ती होती. प्रादेशिक भाषा राजभाषाच करू नये, हा त्यांचा उपाय मला पटत नाही. धास्ती मात्र आम्ही जगलो आहोत.

आमच्या चळवळीची आजची स्थितीही बघायला हवी. २०१३ मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार होते. २०१८ मध्ये एक नाही, २०२३ मध्ये एक नाही. महापालिकाही २०२१ मध्ये हातची गेली. दुफळीला दोष द्या, राष्ट्रीय पक्षांना द्या. पण गल्लीतल्या पोरांशी बोला. सकाळी सातला मराठी आणि कानडी दोन्ही घरांतली मुले एकाच इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढतात. त्यांच्या बापांना उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पगार किती मिळतो याची काळजी असते. आणि शेजारच्या कानडी माणसाचीही तक्रार आमच्यासारखीच आहे की बंगळूर पाचशे किलोमीटर दूर आहे. हुक्केरीचे उमेश कत्ती मंत्री असूनही वेगळ्या उत्तर कर्नाटकाची मागणी करत होते, ते काय मराठी होते? हलग्याजवळ २०१२ मध्ये सुवर्णसौध हे कर्नाटकाचे दुसरे विधानभवन उभे राहिले, उद्घाटन राष्ट्रपतींच्या हस्ते झाले. ते हिवाळ्यात दहा-बारा दिवस गजबजते, मग वर्षभर दिवे लावून ठेवतात. त्या प्रचंड इमारतीत दोन्ही भाषांतून उतारे देणारे एक कार्यालय बारमाही चालले असते, तर मी तिच्यासमोर काळा झेंडा धरायला गेलो नसतो.

मला महाराष्ट्र नको आहे असे नव्हे. उद्या मतपेटी ठेवली तर माझे मत महाराष्ट्रालाच पडेल, हे मी मास्तरांनाही सांगितलेले आहे. पण ती पेटी येण्याआधी माझ्या बाजूने एका प्रश्नाचे उत्तर तयार असले पाहिजे, नाहीतर ती मागण्याचा मला हक्क नाही. तो प्रश्न मी गेल्या महिन्यात आमच्या गावच्या कोपरा बैठकीत विचारला. बेळगाव महाराष्ट्रात आले, तर इथल्या कानडी शाळांचे, कानडी कागदांचे, मास्तरांच्या पेन्शनच्या अर्जाचे काय करणार?

"काय बोलालास तू? बस की खाली," एक जण ओरडला. ८६ मध्ये लाठ्या खाऊन तुरुंगात गेलेले एक काका पुढे बसले होते, त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही. बैठक संपली. अंधारात घरी निघालो तर काका काठी टेकत मागून आले. देवळापर्यंत काही बोलले नाहीत. तिथे थांबून म्हणाले, "आमच्यावर कानडी लादली म्हणून मी आत गेलो. दुसऱ्यावर मराठी लादायला न्हवं. तू ते लिवून दे. पुढच्या बैठकीत वाचू."

म्हणून लिहून दिले आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी कुठल्याही राज्यात असोत, जमिनीचा प्रत्येक कागद, प्रत्येक नोटीस, दवाखान्याचा प्रत्येक फलक मराठी आणि कानडी दोन्हींत. इथे नेमणूक होणाऱ्या प्रत्येक तलाठ्याला आणि पोलिसाला दोन्ही भाषांची परीक्षा. मराठी शाळेला मराठीचा आणि कानडी शाळेला कानडीचा शिक्षक, पट कितीही असो. अगदी हेच जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात, आणि ते महाराष्ट्राने न्यायालयाच्या निकालाची वाट न बघता याच वर्षी सुरू करावे. गावागावात मतदान, आणि ज्या गावाचा कौल विरुद्ध जाईल त्यालाही वरचे सगळे हक्क. दीड पान झाले. मास्तरांनी त्याचा कानडी तर्जुमा करून दिला आहे, त्यात उमदीचे नाव त्यांनी स्वतःहून घातले.

पुतण्याला दोन्ही पाने फोनवर पाठवली. त्याने विचारले, बैठकीला मास्तरांना बोलावलंय का? बोलावले आहे. येतो म्हणालेत.